लाल नळाचं पाणी

बहारीनला, हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सायराला सगळे भित्री म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. लिफ्टला भ्यायची, पोलिसाच्या जीपला भ्यायची, दारावर वीजमीटरवाला आला तरी आधी पडद्याआडून बघायची. "अगं बाई, तो मीटर बघायला आलाय, तुला न्यायला नाही," असं मी वरच्या जिन्यावरून ओरडायचे. ती हसायची, पण दार उघडायची नाही. मी साताऱ्याची, आवाजाला मोठी. माझा समज असा की आवाज मोठा म्हणजे माणूस धीट.

ती मंडणगडकडची. लतीफभाईंशी लग्न होऊन बहारीनला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लतीफभाई सित्र्याला जहाजांच्या दुरुस्तीच्या कामावर फिटर. पहाटे कंपनीची बस यायची, संध्याकाळी चारच्या पुढे परत आणून सोडायची. त्यांना एकच मुलगी, हिना. ती इंग्लिश शाळेत जायची, आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. माझे जयप्रकाश बँकेत अकाउंटंट, आम्हाला मूलबाळ नाही. टेलिफोन आमच्याकडे होता, त्यामुळे सायराचं येणंजाणं आमच्याकडे जास्त. ती मला उल्काताई म्हणायची.

सायराच्या हाताला मात्र भीती ठाऊक नव्हती. गावाकडून ती क्रोशाच्या नमाजाच्या टोप्या विणायला शिकून आली होती. लतीफभाई तीच टोपी घालून एकदा कंपनीच्या स्नेहसंमेलनाला गेले आणि त्यांच्या स्वीडिश इंजिनियर साहेबाच्या बायकोने ती डोक्यावरून उतरवूनच घेतली. उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, हे कुणी केलं? या लेइडा मॅडम. साहेबांबरोबर स्वीडनहून आलेल्या, पण मूळच्या एस्टोनियाच्या, समुद्राकाठच्या हापसालू नावाच्या गावच्या. त्या गावच्या बायका पिढ्यान् पिढ्या लोकरीच्या जाळीदार शाली विणत आल्यात. एवढी मोठी शाल, पण लग्नाच्या अंगठीतून आरपार निघते, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी मनात म्हटलं, सांगा कायतरी. मग त्यांनी बोटातली अंगठी काढून दाखवलंच.

साठीच्या मॅडमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. ही कला शिकवून ठेवायला त्यांच्याजवळ कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी सायराला धरलं. तीन वर्षं दर मंगळवारी गाडी यायची आणि आम्ही दोघी त्यांच्या व्हिलावर जायचो. सायराचं इंग्रजी 'येस मॅडम, नो मॅडम' एवढंच, म्हणून दुभाषी मी. मला ते विणकाम काही जमलं नाही. त्या शालीत मोगऱ्याच्या कळीएवढे गोल दाणे उठवायचे असतात, त्यांना मॅडम नुप म्हणायच्या. एका टाक्यातून सात टाके काढायचे, सैल ठेवायचे आणि परतीच्या सुईला सातांचा पुन्हा एक करायचा. माझी सुई सातात शिरायचीच नाही. सायराची लोण्यात सुरी जावी तशी जायची. काठ वेगळा विणायचा आणि मग हाताने शिवून जोडायचा. शेवटी शाल धुवायची आणि ओली असताना चौफेर ताणून टाचण्या लावायच्या. तेव्हा कुठे नक्षी उघडते.

ऑगस्टमध्ये, नव्वद साली, इराकने कुवेत घेतलं आणि आमचं सगळ्यांचंच धाबं दणाणलं. हूऱ्यातल्या हॉटेलांत अमेरिकन खलाशी दिसायला लागले. बँकेत म्हणे मास्क वाटणार, विषारी वायू येणार, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावा. जो भेटेल तो विचारायचा, तुम्ही कधी निघताय? मॅडमचं आणि साहेबांचं ठरलं होतं, डिसेंबरच्या वीस तारखेला कायमचं निघायचं.

आणि इथेच सायराचा जीव टांगणीला लागला. लतीफभाईंचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरअखेर संपत होतं. कंपनी माणसं कमी करत होती. कुणाला ठेवायचं, कुणाला पाठवायचं, त्या यादीवर बहारीन सोडण्याआधी सही करणार होते तेच स्वीडिश साहेब. सही झाली तर व्हिसा, नाही तर खलास, तिघंही परत. गावाला दिरांच्या घरात त्यांच्या वाट्याची खोलीसुद्धा उरली नव्हती. सायरा दिवसातून दहादा 'इंशाल्ला होईल सही' म्हणायची आणि दर वेळी आवाज आणखी बारीक व्हायचा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मॅडमनी एका मऊ कापडात गुंडाळलेली शाल तिच्या हातात दिली. ती त्यांच्या आईने विणलेली. चव्वेचाळीस साली रशियन फौजा येत होत्या म्हणून आईने चौदा वर्षांच्या या मुलीला मामाबरोबर स्वीडनला जाणाऱ्या होडीत बसवलं, कोटाच्या आत पोटाला ही शाल गुंडाळली आणि धाकट्या बहिणीला घेऊन स्वतः मागे राहिली. आई पुढे वारली. बहीण आहे. सेहेचाळीस वर्षांत भेट नाही. आता स्टॉकहोमहून एस्टोनियाला बोट सुरू झाली होती आणि मॅडम शाल घेऊन बहिणीकडे जाणार होत्या. आईची दुसरी कुठलीच वस्तू त्या दोघींकडे नव्हती. शालीचा काठ दोन वितींएवढा सुटला होता. "तो जोड, धू आणि ताणून दे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, तुझ्या हातांवर आहे." मी हे मराठीत सांगितलं तर सायरा म्हणाली, "ताई, मला भ्या वाटतं गो. नको म्हन तिला." मी तसं म्हटलंच नाही. मी म्हटलं, "शी सेज येस मॅडम."

तिने आधी हिनाच्या गणिताच्या वहीत चौकोनांवर सगळी नक्षी उतरून घेतली, मॅडमची ती पद्धतच होती. मग काठ असा जोडला की जोड कुठला ते मला सापडेना. धुवायला ती माझ्याकडे आली, कारण ताणायला माझ्या हॉलइतकी जागा तिच्याकडे नव्हती.

आता हे ज्यांनी आखातात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, पण इतरांना सांगते. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की निळ्या नळाला, म्हणजे थंड पाण्याच्या नळाला, हात लावता येत नाही. मग आम्ही काय करतो, गीझर बंद ठेवतो. घरातल्या सावलीत गीझरमध्ये साठलेलं पाणी निवतं आणि लाल नळाला गार पाणी येतं. एप्रिल ते ऑक्टोबर सगळं उलटं. थंड हवं तर लाल, गरम हवं तर निळा. हाताला तीच सवय होऊन जाते.

त्या दिवशी सकाळी जरा गारठा होता. जयप्रकाशना शिंका येत होत्या, म्हणून मोसमातला पहिला गीझर मी लावला. मी. माझ्या या हाताने. ते अंघोळ करून बँकेत गेले आणि गीझर तसाच राहिला.

साडेदहाला सायरा आली. टब घेतला, लाल नळ सोडला. नळीत मधल्या वेळात निवलेलं पाणी आधी गारच आलं. तिने हात घालून बघितलं, साबण विरघळवला, शाल अलगद बुडवली, दाबून काढली. दुसऱ्या पाण्यासाठी टब पुन्हा नळाखाली ठेवला, शाल आत, धार बारीक. तेवढ्यात फोन वाजला. लतीफभाई होते, सित्र्याहून. कामावर फोन करत नाहीत कधी. मी हाक मारली, "सायरा, पळ!" तिला वाटलं यादी लागली. ओल्या हाताने धावत आली.

यादी नव्हतीच. पाळी बदलली, उशिरा येईन, एवढं सांगायला फोन. पण ती अजून रिसीव्हर धरून उभी, आणि मी तिच्याकडे बघत. मग माझी नजर बाथरूमच्या दाराबाहेरच्या गीझरच्या बटणावर गेली. लाल दिवा पेटलेला.

मी धावले. दार लोटलं तर वाफ तोंडावर आली. आणि मी काय केलं असेल? नळ बंद करायच्या आधी मी बाहेर हात काढून ते बटण बंद केलं. दिवा विझला. मग नळ. आजही ते आठवलं की मला माझीच किळस येते.

शाल टबात होती. मी उचलली तर हाताला जाळी लागलीच नाही. गरम पाण्याने लोकर आटून घोंगडीचा तुकडा लागावा तशी जाड, आखडलेली, अर्ध्यावर आलेली. ते नाजूक दाणे काळ्या मिरीसारखे घट्ट झालेले. सायरा दारात येऊन उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. खाली ओल्या फरशीवरच बसली.

"गीझर लावलेला होता?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक! ह्यांनी लावला असेल सकाळी," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

"माजीच चुकी," ती म्हणाली. "नळ सोडून जायला नको होता मी."

मी टबातलं पाणी ओतून दिलं.

संध्याकाळी लतीफभाईंना सांगितलं. शांत माणूस, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेबाच्या बायकोची वस्तू," एवढंच पुन्हा पुन्हा. मग म्हणाले, "सांगायचं नाही. भाभी, तुम्ही पण नाही. सही होऊन दे." मार्ग मीच काढला, बढाई नाही मारत, खरंच मीच. मॅडमना नीट दिसत नाही. नक्षी वहीत आहे. मॅडमनी दिलेल्या पांढऱ्या लोकरीच्या लडी आहेत. दुसरी विणायची, जुनी दिसावी म्हणून पातळ चहाच्या पाण्यातून काढायची. सायरा माझ्याकडे बघत राहिली. "तिच्या आईची म्हनून माजी द्यायची?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मग काय गाव गाठायचंय?" त्यावर तिने सुया घेतल्या.

हाताशी छत्तीस दिवस होते. हिना शाळेत गेली की सायरा वर यायची, दाराला कडी, आणि मी वहीतून ओळी वाचायचे. दोन सुलट, दोरा वर, दोन एकत्र, नुप. चुकलं की उसवायचं, आणि असल्या बारीक लोकरीचं उसवणं म्हणजे काळजाचा ठोका चुकवणारं काम. एक टाका निसटला की खाली दहा ओळी सरसर सुटत जातात. दोनदा तसं झालं. तिची बोटं घामाने ओली व्हायची, ती पावडर लावायची आणि पुन्हा धरायची. रेडिओ मी लावून ठेवायचे. पंधरा जानेवारीची मुदत दिली, असं एक दिवस त्यावर सांगितलं. खाली रस्त्यावर गाडी थांबली की आम्ही दोघी श्वास धरायचो. मला युद्धाची भीती वाटत होती का मॅडमच्या गाडीची, ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं.

आणि मॅडम आल्याच. न सांगता, सकाळी अकराला. बेल वाजली, मी दाराच्या भोकातून बघितलं आणि सायराला आत जायची खूण केली. सायराने विणलेलं अर्धं काम छातीशी धरलं आणि बेडरूममध्ये शिरली. आकसलेली शाल सोफ्यावरच होती. मी तिच्यावर बसले. हसू नका, खरंच बसले, आणि तिथूनच "कम इन मॅडम, डोअर इज ओपन" म्हणून ओरडले. दाराला कडी होती. मग उठावं लागलं. शाल उशीखाली कोंबली आणि दार उघडलं.

मॅडमनी विचारलं, "झाली का? एकदा बघू." मी म्हटलं, टाचण्या लावून ताणलीय आतल्या खोलीत, ओली आहे. त्या लगेच थांबल्या. ताणलेली शाल वाळेपर्यंत दारसुद्धा उघडायचं नाही, वारा लागला तर ताण बिघडतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. सोफ्यावर त्याच उशीला टेकून बसल्या, पाणी प्यायल्या. बंद दाराकडे बघून म्हणाल्या, "रात्री झोप येत नाही. बहिणीने लिहिलंय, शाल बघितली की आईचा वास येतो का बघेन." त्या गेल्यावर सायरा बाहेर आली. तिला तेवढं इंग्रजी कळलं होतं. त्या दिवशी तिने एकही ओळ विणली नाही.

अठरा डिसेंबरला शाल झाली. धुतली, यावेळी टबात बाटलीतलं पाणी ओतून. ताणली, वाळली. माझी अंगठी काढून दिली, तिच्यातून सुळकन निघाली. मी इतकी खूश झाले की टाळ्या पिटल्या. "सायरा, कुणाचा बाप ओळखणार नाही गं!" ती म्हणाली, "हं." सही झाली की नाही ते अजून कळलं नव्हतं. यादी एकवीस तारखेला, असं लतीफभाईंनी आणलेलं वर्तमान.

एकोणीसला आम्ही गेलो. व्हिलात सगळीकडे खोकी. साहेब कामावर. मॅडमनी शाल हातात घेतली, खिडकीशी नेली, गालाला लावली. बोटांनी काठ चाचपला. मग पांढऱ्या भुवया वर करून त्यांनी तिचं टोक अंगठीतून ओढलं, आणि शाल निघाली तशा त्या हुंदका देऊन रडायला लागल्या. "आईचे हात," त्या म्हणाल्या. "सांग तिला, उल्का. हे माझ्या आईचे हात आहेत."

मी सांगितलं. सायरा माझ्याकडे वळली. "ताई, तिला सांग, हे माजे हात."

"वेडी झालीस का?" मी मराठीत दात-ओठ खाऊन म्हटलं. "परवा यादी आहे! यल्ला, चल इथून."

तिने पिशवीत हात घातला आणि ती आकसलेली शाल काढून टेबलावर ठेवली. मला कल्पना नव्हती की तिने ती आणलीय. टेबलावरचा कप बाजूला सारून तिने ती पसरली. "सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे. मॅडमनी तो घट्ट झालेला तुकडा उचलला. किती तरी वेळ दाणे चाचपत राहिल्या. त्यांचं रडणं थांबलं होतं, आणि ते थांबलेलं मला जास्त भयंकर वाटलं. मग त्यांनी नवी शाल घडी घालून सायराच्या मांडीवर ठेवली. "ही तुझी," त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं काम केलंस आणि ते माझ्या आईच्या नावावर खपवत होतीस? मी तुला हे शिकवलं?" मी एकेक शब्द मराठीत केला. सायराची मान खाली.

आणि मग मॅडमनी विचारलं, "एकच सांगा. गरम पाणी चालू कुणी केलं होतं?"

मी दुभाषी. मला ते विचारावं लागलं. "गीझर कुणी लावला, विचारतायत," मी म्हटलं.

सायराने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याची नोकरी बँकेत, साहेबाशी आमचा काडीचा संबंध नाही. माझं काय जाणार होतं? चार शब्द ऐकले असते. मी टेबलावरच्या कपाकडे बघत राहिले.

"मी, मॅडम," सायरा इंग्रजीत म्हणाली. "मी."

मॅडमनी दार दाखवलं. बाय म्हटलं नाही.

पुढचे दोन दिवस मी तिच्या खिडकीत जाऊन बसायचे. चार वाजले की ती पडदा धरून उभी राहायची आणि बस वळली की डोळे मिटून घ्यायची. एकवीसला लतीफभाई बसमधून उतरले ते वर बघून हात हलवतच. नाव राहिलं होतं. सही अठरालाच होऊन गेली होती, म्हणे. साहेबांना घरी काय घडलं ते मॅडमनी सांगितलं की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. त्यांचं पत्रही कधी आलं नाही. युद्ध झालं, सायरन वाजले, आम्ही सगळे जिवंत राहिलो.

यादीच्या दुसऱ्या दिवशी मी शिरा करून खाली घेऊन गेले. सायरा हिनासाठी साधा स्वेटर विणत बसली होती. मला राहवेना. म्हटलं, "सायरा, तो गीझर... ह्यांनी नव्हता लावला."

"ठावं हाय," ती म्हणाली. "फोनपाशी उभी होते ना मी. तू बटन बंद केलंस तेवा बगितलं."

"मग मॅडमनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

तिने सुई थांबवली नाही. रागावलेली नव्हती, तेच मला सोसेना. "थांबले होते गो थोडी," ती म्हणाली. "वाटलं, तू बोलशील."

शिऱ्याची वाटी माझ्या हातातच होती. ती घेऊन मी तिथेच उभी राहिले.